हो म्हणू नका

उशांगीनं डिस्क आणली ती लोकरीच्या मोज्यात.
मेस्तियाहून खाली येताना मिनीबसच्या सहा तासांत
ती त्याच्या मांडीवरून हलली नाही,
आजारी कोंबडी न्यावी तशी.

वरच्या खोऱ्यातल्या हिमचौकीचा संगणक
मार्चमध्ये जळला. पंख्यात उंदरानं संसार थाटला होता.
डिस्क तेवढी वाचली, पोटात एकोणीस हिवाळे.
"तुझ्या यंत्रात जागा आहे ना?" बाप म्हणाला,
पाहुणा एका रात्रीचाच असल्यासारखं.

जागा होती.
कुटाइसीतला चौथा मजला, स्वयंपाकघराचं टेबल,
कुशीवर आडवं पाडलेलं माझं यंत्र,
स्क्रू चार लागतात, सापडले तीन.
झाकण न लावताच बटण दाबलं.
डिस्क घरघरली,
आणि त्यानं डोळे मिटले : आवाज ओळखीचा होता.

मग पडद्यावर पाटी :
ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल.
करायची?

"काय म्हणतंय?"
म्हणतंय, मला हे वाचता येत नाही,
तर पुसून टाकू का.

तो बराच वेळ पाटीकडे बघत राहिला.
"शाळेत एक इन्स्पेक्टर यायचा.
आमची स्वान बोली त्याला कळायची नाही.
वहीत लिहून गेला, या गावची मुलं मुकी आहेत."
एवढंच बोलला, आणि चहात जॅम ढवळत बसला.

मला नीट सांगता येईना
की आतलं एक अक्षरही हललेलं नाही;
कुठलं पान कुठं आहे ते सांगणारी अनुक्रमणिका
मोडीत लिहिलेली आहे, इतकंच,
आणि माझ्या घरात मोडी कुणी शिकलं नाही.

रात्री खालच्या मजल्यावरचा बदरी पेनड्राइव्ह घेऊन आला.
दुसरीच सिस्टीम चालू केली, डिस्क उघडली,
जणू कधी बंदच नव्हती.
पण तिथून माझ्याकडे आणताना पुन्हा अडलं.
सकाळी ६:३० मधले ते दोन टिंब
माझ्या यंत्राला फाइलच्या नावात चालत नाहीत.
"साडेसहा मग कसे लिहायचे?" बाप म्हणाला. रागावलाच.
आणि 'तोवली' नावाची फाइल एकेका दिवसाला दोनदा,
एक थोरल्या टीची, एक धाकट्या.
माझ्या यंत्राला त्यात फरकच दिसेना :
आधीचीवर नवी लिहू?

"थांब!"

आमच्या लिपीत थोरली-धाकटी अक्षरं नसतात,
म्हणून मुद्दाम रोमन घेतली होती त्यानं.
थोरला टी म्हणजे काठीपाशी जाऊन मोजलेला बर्फ.
धाकटा म्हणजे कडा कोसळायच्या बेतात होता,
खिडकीतून बघून मांडलेला.
एका वेलांटीनं दिन दीन होतो,
तेवढाच फरक. पण तेवढ्यावर
खालच्या गावांनी पुराची तयारी केलेली.

बदरी म्हणाला, प्रोग्रॅम लिहितो, मिनिटात नावं बदलतील.
बाप म्हणाला, नको.
आणि एका बोटानं, चष्मा कपाळावर,
प्रत्येक धाकट्यापुढे स्वतः लिहीत गेला :
अंदाज. अंदाज. अंदाज.
पावाच्या भट्टीतून धूर येईपर्यंत चारशे बारा.

मध्येच एका थोरल्या टीपाशी थांबला.
"हासुद्धा धाकटाच हवा होता,
त्या दिवशी मी काठीपाशी गेलोच नव्हतो."
मी तारीख वाचली.
काही विचारलं नाही.
त्यानं तिथंही लिहिलं, अंदाज,
आणि पुढच्या फाइलवर गेला.

तो परत वर गेला त्याला आता महिना झाला.
डिस्क इथंच आहे, तीन स्क्रूंवर, किंचित तिरकी.
यंत्र अजून रोज सकाळी न चुकता तेच विचारतं, करायची?
पडद्याच्या कडेला चिकटपट्टी आहे,
तिच्यावर त्याचं गोल गोल अक्षर :
हो म्हणू नका.

धूळ पुसते मी.
पट्टी सोडून.