सुटीचे टोले

सव्वानऊला दर्शनाची मशीन थांबते.
बाही अर्धी, काज उघडे,
सुई कापडातच उभी राहते
आणि सुनबाई मोबाइल घेऊन जिना चढते.
रेंज फक्त टाकीच्या कोपऱ्यात.
तिथं दोन विटांवर युरियाचं रिकामं पोतं घातलंय तिनं.

बाजार उघडला, म्हणते.
मी गल्लीत पाहतो.
गल्लीत उकंडाची बकरी, आणि भिंतीवर कालच्या गोवऱ्या.
आमच्याकडं बाजार मंगळवारी भरतो,
आणि भरतो म्हणजे सावकाश भरतो:
आधी मिरचीवाली, मग चपलांचा माणूस,
उन्हं कलल्यावर केव्हातरी मुरमुरेवाला.
कुणी म्हणत नाही, आता उघडला, आता मिटला.

मी एकतीस वर्षं शाळेचा शिपाई.
घंटा म्हणजे शकुंतलेच्या रुळाचा हातभर तुकडा,
कडुनिंबाला तारेनं टांगलेला.

एकदा विचारलं, "तिथची घंटा कोन वाजवते?"
"कोनी नाई, मामंजी. मशीन हाय."
"मंग उशीर झाला त बोलनी कोन खाते?"
हसली. "होतच नाई उशीर."

नऊ ते सव्वानऊ नुसती तयारी असते, तिनं सांगितलं,
अजून खरी उलाढाल नाही.
म्हणजे प्रार्थना, मी म्हटलं.
पोरं ओळीत, डोळे मिटलेले,
आणि एकाचा हात दुसऱ्याच्या खिशातल्या बोरांवर.
"तसंच," ती म्हणाली, "अगदी तसंच."

मी घंटा चुकवली आहे. मुद्दाम.
एप्रिलात पत्रे तापले की सात मिनिटं आधी.
डाबरे गुरुजींची बायको अडली त्या दिवशी
चाळीस.
त्याचा मेमो अजून ट्रंकेत आहे,
पोरीच्या बारशाच्या फोटोखाली.

"साडेतीन म्हणजे साडेतीनच?"
"एक सेकंद इकडचा तिकडं नाई."

त्या शुक्रवारी साडेतीनला मशीन सुरू झाली नाही.
पावणेचार.
ब्लाउज न्यायला आलेली बेबीताई ओट्यावर बसून बसून गेली.
चार.
मी अर्ध्या जिन्यात जाऊन पाहिलं:
ती पोत्यावर, मोबाइल मांडीत पालथा,
नजर पऱ्हाटीच्या पलीकडे, जिथं काहीच नव्हतं.
किती गेले, विचारलं नाही.
शिलाईचे होते, एवढं मला माहीत.

शाळा तीन वर्षांपासून बंद आहे. शेवटचा पट सात.
बाकं गेली, फळा गेला, नळाची तोटी गेली,
रूळ तिथंच, चोरायला जड.
हातोडी मात्र मी रिटायर झालो त्या दिवशी
पिशवीत घालून घरी आणली होती.
रजिस्टरमध्ये नोंद नाही.

गेलो, आणि सुटीचे टोले दिले.
ते वेगळे असतात.
आधी एक. मग श्वासभर काही नाही.
मग एकावर एक, खांदा भरून येईस्तोवर.

कुत्री उठली. उकंडा धोतर सावरत बाहेर आला,
"आग लागली का बाप्पा?"
कॉन्व्हेंटची दोन पोरं, व्हॅनमधून नुकती उतरलेली,
त्यांनी ही घंटा जन्मात ऐकली नव्हती,
तरी दप्तरं धरून पळत सुटली. कशासाठी, कोण जाणे.

परतलो तर दर्शना खालच्या पायरीवर उभी.
"मामंजी, साडेतीन कवाच वाजले."
"तिथं. इथं आता वाजले."

बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, उद्या शनिवार, उद्या बंद. परवाही.
शनिवारी आमची सकाळची शाळा असायची,
हे सांगायचं माझ्या ओठावर आलं आणि राहिलं.
तिनं सुई-दोरा माझ्या हातात दिला,
ओवून द्या म्हणाली,
मला दिसत नाही हे ठाऊक असून.

तीनदा चुकलो.
तिनं घाई केली नाही.