शिक्का

मार्केट यार्डात आदगोंडा शेठच्या अडतीवर
पोत्यांवर गावांची नावं मारते मी.
पत्र्याचा शिक्का, काळी शाई, नवऱ्याचा दाढीचा जुना ब्रश.
कोची. चितगाव. जेद्दा.
जेद्दाचा 'जे' झिजलाय,
तिथं पोचल्यावर कोण काय वाचतं, देव जाणे.

एकोणीस वर्षं.
नखं पिवळी, बोटं काळी.
घर ते यार्ड, यार्ड ते घर, मधे एक सिग्नल.

परवा कोचीचा ड्रायव्हर चहा फुंकत म्हणाला,
"ताई, तुमच्या हरिपूरचा संगम बघितला काल. झकास."
मी मान हलवली, बघितल्यासारखी.
चार किलोमीटर.

रविवारी भाचीची सायकल काढली.
चेन दोनदा पडली. चिंचांच्या सावलीत
एक कुत्रं मागं आलं, मग कंटाळलं.
कुणीतरी दाखवलं, इथं पेवं होती हळदीची,
जमिनीत, माणूस उभा मावेल एवढी.
पुरात खचली.
त्यांतली हळद वर्षानुवर्षं अंधारात बसायची,
किडायची नाही, रंग सोडायची नाही.
मला उगाच बरं वाटलं.

घाटाच्या शेवटच्या पायरीवरून पाय सोडले.
वारणा कृष्णेत शिरत होती, न विचारता.
टाचेच्या भेगांतली हळद सुटली,
एक पिवळी रेघ.
ना शिक्का, ना वजन,
निघाली खाली, पूर्वेला.

सोमवारी ट्रक लागला तेव्हा विचारलं,
"कोचीला किती दिवस?"
"अडीच," तो म्हणाला, "जेवण धरून."
मी जेद्दाचा पत्रा उजेडात धरला
आणि 'जे' नीट कापायला घेतला.