बाटली फोडल्यावर

मोहटोल्याच्या आखरावर
सकाळी सहाला एकशे अकरा ढोरं,
मी, माझा बर्फाचा डबा,
आणि बिसन नेवारे, गावाचा गायकी,
ज्याला प्रत्येक जनावराचं नाव ठाऊक
आणि स्वतःचं वय नाही.

लम्पीची बाटली शंभराची.
एकदा पाणी घातलं की घड्याळ सुरू.
बिसन शिंगं धरतो, मी मानेची कातडी चिमटीत घेतो,
सुई आत, सुई बाहेर,
कानात पिवळा बिल्ला, बारा आकडे.
गाय मान झटकून धुऱ्याकडे निघते,
माशी बसली होती जणू.

"मलेबी टोचलं होतं, साहेब."
बाही वर. दंडावर दोन वण,
जुन्या पैशाएवढे.
"देवी टोचनारा आला तं मायनं ढोलीत लपवलं.
कोंडा गेला नाकात. शिंकलो!"
आणि असा हसला
की धरलेली कालवड सुटून पार बोडीपर्यंत गेली.

त्याची नात फुलवंती
प्रत्येक बिल्ल्याला हात लावून बघत होती.
"मा लंबर कोनता?"
कार्ड विचारलं तर बिसन दुसरीकडे बघायला लागला.
सिस्टर येते बुधवारी,
पोरगी बुधवारी आजासोबत रानात.
ढोरांना कुठं कळतो बुधवार.
लाखी गाय माझ्या मोबाइलात आहे, वेतासकट.
ही कुठंच नाही.

फोन केला. मडावी सिस्टर आली,
स्कूटीवर निळा डबा, भुवयांवर धूळ.
गोवराची बाटली पाच जणांची,
फोडली की चार तास.
"एकीसाठी फोडू का हो?"
विचारलं मला, बघत होती पोरीकडे,
आणि पाण्याच्या कुपीची मान
टक् करून मोडली.

फुलवंती रडली, मनसोक्त,
लाखीच्या पोटात तोंड खुपसून.

उरले चार.
मग माझ्या गाडीवर मागं सिस्टर, मांडीवर डबा,
बोडीच्या पाळीवरून, बांध्यांमधून,
भाजी विकल्यासारखे ओरडत:
कोनाचं लहान लेकरू हाय का, गोवराचं राहिलेलं?
राईस मिलच्या मागच्या खोल्यांत एक मिळालं.
धान कापायला आलेल्यांच्या पालात जुळी होती,
त्यातलं एक तापानं फणफणलेलं. ते नाही.
एका बाईनं दार लोटलं,
आतून म्हणाली, आमचं माताय पायते.
सिस्टर काही बोलली नाही मातायबद्दल.
ओट्यावर बसून पाणी मागितलं.
पाणी आलं. दार अर्धं उघडं राहिलं.
लेकरू नाही आलं.

साडेअकराला रजिस्टर.
दिले: तीन. वाया: दोन.
'दोन'वर पेन जरा जास्तच टेकलं, शाई पसरली.
माझं उलटं होतं.
शंभर पुरले नाहीत, अकरा ढोरं उद्यावर.

परतताना आखरावर ढोरं टेकलेली, रवंथ करत,
आणि वाटेत आडवी फुलवंती:
"मा लंबर?"
सिस्टरनं निळं मार्कर काढलं,
डाव्या करंगळीच्या नखावर रेघ मारली,
पोलिओला मारतात तशी.
गरज नव्हती.
पोरगी ते बोट लाखीच्या कानाशी धरून
किती वेळ आकडे जुळवत राहिली.
लाखीनं मान वळवली,
बोटावरून एकदा जीभ फिरवली.

"अवं, पुसून टाकल ना थे!"
सिस्टर गाडीवरून ओरडली.