फाइल चार्ज

कर्ज चाळीस हजार दिरहमचं.
त्याआधी फक्त साडेसातशे, फाइल चार्ज.
मग विमा. मग कसलासा शिक्का.
बाई दादा म्हणायची, स्वच्छ मराठीत;
शारजात इतकं गोड
माझ्याशी कोणी बोललं नव्हतं वर्षभर.

देणारा आधी मागत नाही रे,
खोलीतला झुबेर परकार म्हणाला
कांदा चिरता चिरता, मान वर न करता.
मग तोच आला सोबत, अर्धी पाळी बुडवून,
बँकेत कार्ड बंद करायला,
पोलिसांकडे तक्रार लिहायला.
लाज कुठे लिहायची, मी विचारलं.
फॉर्मात तसा रकाना नाही, तो म्हणाला.

काल पुन्हा फोन, तोच गोडवा:
दादा, बुडालेले पैसे मिळवून देते,
फक्त दोनशे भरा.

मी कांदा चिरत होतो.
चिरत राहिलो.