नावं ठेवणारी

महिन्याचा पहिला शनिवार.
संग्रहालयाच्या दाराशी माझं टेबल:
भिंग, कॅलिपर, ओला स्पंज, आणि मी.
बाहेर झीलंडचा वारा सायकली आडव्या पाडतोय.
रांगेतले लोक पोटाशी काहीबाही धरून उभे,
दवाखान्यात तान्ही पोरं घेऊन उभे असतात तसे.

पहिला गृहस्थ टॉवेल उलगडतो. अंडं.
कुणाचं, ते तो बोलत नाही,
पण आवाज खाली आणून नुसतं ‘हे’ म्हणतो
त्यात सगळं येतं.
गारगोटी आहे. लांबूनच दिसली होती.
तरी मी ती हातात तोलते, उगाच भिंग लावते,
‘नाही’ म्हणायलाही जरा वेळ द्यावा लागतो.
“समुद्रानं फार मन लावून घासलाय हिला.”
तो ती परत गुंडाळतो. तितक्याच जपून.

मग दोघी बहिणी, एक काळंभोर हाड.
दलदलीत मुरलं की कालचं हाडही काळं पडतं,
आणि टोकाला करवतीची सरळ रेघ.
हिमयुगात खाटीक नव्हते, मी म्हणते,
ही गाय कुणाच्या तरी सूपमधली.
थोरली खो खो हसते. धाकटी हाड माझ्या हातून काढून घेते.

येप्पे, वय वर्षं आठ, खिसा रिकामा करतो:
वाळू, चिकट कागद, शार्कचा दात.
शार्कचा आहे हे त्याला ठाऊकच आहे.
कुठला शार्क, आणि तो कुणाला चावला,
एवढंच विचारायचंय.
पहिल्याचं उत्तर माझ्याकडे आहे.

काही हाडं मी जिभेला लावून पाहते.
जुनं असेल तर कधीकधी चिकटतं.
तीस वर्षं अशी कुणाकुणाची चव घेतली.
गावात म्हणतात, ती बाई नावं ठेवते.
खरंच आहे. तेच माझं काम.
दहा हजार वर्षं उशिरानं बारसं.

सगळ्यांत शेवटी यिकेमिन.
माशांची जुनी प्लास्टिकची पेटी ढकलत आली.
तिचा मारिनुस ट्रॉलरवर इंजिन सांभाळायचा,
जाळ्यात मासळीशिवाय येईल ते घरी आणायचा.
प्रत्येकाला तंबाखूच्या पाकिटाची चिठ्ठी,
आतल्या पांढऱ्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेली.

‘गेंडा, पुढचा पाय.’ घोडा होता.
‘अस्वल.’ रानगवा.
‘सिंह.’ हा तर सीलचा सुळा.
मी बोलत गेले, ती मान हलवत गेली,
जणू त्याच्या वतीनं हिशेब चुकता करत होती.

आणि मग मी चिठ्ठ्यांच्या खालच्या ओळी वाचल्या.
अक्षांश. रेखांश. सव्वीस मीटर खोल.
चौदा नोव्हेंबर, पहाटे चार, जाळं फाटलं.
प्रत्येक चिठ्ठीवर. एकही गाळलेली नाही.

नाव काय, आज ना उद्या कुणीही शोधतं.
पण जागा?
ती फक्त तिथे असलेल्यालाच माहीत असते,
आणि तो लिहून ठेवेल तरच.
मोठमोठ्या मोहिमांनी हात हलवत परत यावं
आणि हा इंजिनच्या तेलाचे हात पुसून
पेन्सिल शोधत बसलेला.

मी तिला हे सांगितलं. नीट सांगता आलं नाही.

“मग त्याचे कागद टाकून देणार?”
नाही, म्हटलं. जुनी चिठ्ठी कधीच टाकत नाहीत.
नवी तिच्याखाली ठेवायची, तारीख घालून.
उद्या कुणी माझं चुकलेलं काढेल,
त्याची चिठ्ठी माझ्याखाली.

तिनं सही केली. पेटी ठेवून निघाली,
दारापर्यंत गेली, परत आली.
“सिंह मी नेते,” म्हणाली.
“आमच्या घरात सिंह आहे असं
मुलं शाळेत सांगायची.”

सुळा तिनं पर्समध्ये टाकला,
त्याची चिठ्ठी घडी घालून त्याच्यासोबत.

माझी,
‘सील, वरचा सुळा’,
टेबलावरच राहिली.
मग वाऱ्यानं नेली.