रुमालाखाली

हळदीचा सौदा निघाला की
ह्यांचा हात रुमालाखाली जायचा
आणि समोरच्या व्यापाऱ्याशी बोटंच बोलायची.
तोंडं गप्प.
तीस वर्षं मी त्या पिवळ्या नखांपुढे ताट वाढलं.
एक बोट म्हणजे किती, विचारलं नाही.
यार्डातलं घरात विचारायचं नसतं.

आधी बोटंच गेली. शर्टाचं बटण,
मग पेन, मग घास.
मिरजेच्या डॉक्टरांनी सुया टोचून बघितलं,
म्हणाले, स्नायूंना निरोप पोचत नाहीत.
एवढं समजलं. एवढ्याची तयारी करत होते मी.

मग त्यांनी घड्याळ लावलं:
एका मिनिटात 'ह'वरून जमतील तेवढे शब्द.
हे म्हणाले, हळद.
मग, हळकुंड.
मग खिडकीकडे बघत राहिले.
मी मनात म्हणत होते, हरिपूर, हमाल, हुंडी, हिशेब,
हौसाक्का, अहो, तुमची सख्खी बहीण!
ओठ दातांखाली धरून बसले.
"हळद," हे शेवटी परत म्हणाले.

विसरलेत म्हणावं, तर तसंही नाही.
शहाऐंशी साली राजापुरीला काय दर निघाला
ते अजून सांगतात. जीभ जड, आकडा बरोबर.
पण चहा पुढ्यात आला
की आधी कप की आधी बशी, तिथं अडतात.
हौसाक्का गेल्या, दारात माणसं रडत होती,
ह्यांनी विचारलं, गूळ आहे का?
जाऊ म्हणाली, दगड झालाय माणूस.
मी गूळ दिला.
कपाळामागचा भागसुद्धा कधी कधी
ह्याच आजारात येतो, डॉक्टर म्हणाले होते.
त्या कपाळाला मी रोज तेल लावते.

हरिपूरला सासऱ्यांची पेवं होती.
तोंड उघडल्या उघडल्या कुणी उतरायचं नाही,
आतली हवा जीव घेते.
दोरीला कंदील बांधून सोडायचा,
जळत राहिला तरच माणूस खाली.
सकाळी मी तसाच एक सोपा प्रश्न सोडते,
"आज वार कुठला?"
आणि दोरी धरून थांबते.
कधी जळत राहतो.
कधी काजळी लागलेली काच तेवढी वर येते.

काल ह्यांच्या मांडीवर टॉवेल पसरला
आणि खाली हात घातला.
बराच वेळ काही नाही.
मग दोन बोटं, तिसरं अर्धवट.
दाबली, की नुसती फडफडली?
मी हात काढला नाही. वरण करपलं.

संध्याकाळी इराप्पा आले, ह्यांच्या शेजारच्या गाळ्याचे.
दारातच विचारलं, दोन बोटं नि अर्धं, म्हणजे किती हो?
टोपी काढून त्यांनी डोकं खाजवलं.
"वैनी, ते मालावर असतंय.
अडीचशे असंल, अडीच हजार असंल.
पोत्यात काय होतं, ते सांगा आधी."