तीन, पाच, सात

पहिल्याच दिवशी मी अडले
‘पैदासकार’ या शब्दाला.
आमच्याकडे पैदास म्हटलं की
लोक वळूचं बोलतात, नाहीतर वाया गेलेल्या पोराचं.
समोर चौदा जण, कानात यंत्रं:
केनियाची न्जेरी, व्हिएतनामची थुय,
मोल्दोव्हाचे दोघे अबोल,
आणि शिकवायला हॉलंडहून आलेली मार्लीस,
जिने पाण्याच्या बाटलीवरसुद्धा
स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावली होती.
मी माईकमध्ये म्हटलं: वाण घडवणारा.
कृषी खात्यातले गायखे मागून म्हणाले,
घडवतो तो कुंभार, ताई.
वाण सापडतो.

वेगळा, एकसारखा, टिकणारा.
वाण एकाच वेळी हे तिन्ही असावा लागतो,
तरच हक्क.
रात्री नवऱ्याला सांगितलं.
तो म्हणाला, स्थळ बघताय का?

तिसऱ्या दिवशी बस मोहाडीला.
पारा चारवर गेलेला, बागेत
पहाटेच्या शेकोट्यांची राख अजून कोमट.
मण्यात पाणी उतरायचे दिवस.
पाणी उतरणं
मी तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगून पाहिलं,
शेवटी मार्लीसने एक मणी दाबून दाखवला
आणि सगळ्यांना कळलं.

पान उलटं करून उजेडात धरायचं.
शिरांमधली लव: नाहीच, एक.
विरळ, तीन. मध्यम, पाच.
दाट, सात. फारच दाट, नऊ.
देठापाशी खाच, उघडी की मिटलेली.
थुयने पान आधी गालाला लावलं,
मग वहीत लिहिलं, सात.

रामनाथ विधात्यांनी ती काडी दाखवली,
एकाच वलांड्यावर लांबट मणी धरलेली.
तिचे डोळे भरून चाळीस झाडं केली,
तीन बहार पाहिले, सगळी तशीच.
अर्ज तयार होता, प्लास्टिकच्या पिशवीत,
चहाचा थेंबही पडू न दिलेला.

न्जेरीने विचारलं,
हे पहिल्यांदा कुणी पाहिलं?
मी मराठीत विचारलं.
विधाते म्हणाले, मी.
मग मफलर सारखा केला.
मग म्हणाले, म्हणजे, डिपिंगला टोळी होती
सुरगाण्याची. त्यातल्या यमुनाने हाक मारली.
न्जेरी म्हणाली, आमच्याकडे
बी बाया राखेत जपतात, अर्ज पुरुष भरतात.
हे मी मराठीत आणलं तेव्हा
विधातेबाईंनी कपबशा खाली ठेवल्या
आणि तिसऱ्या रांगेकडे बोट केलं.

यमुना भोये आली. हाताला औषधाचा वास,
डोक्याला टॉवेल, नजर माझ्या चपलांवर.
मार्लीस हळूच म्हणाली,
नमुन्यात याला जागा आहे, शेवटी, ‘इतर माहिती’.
शोधणारा म्हणून दोघांचं नाव लागू शकतं का,
यावर गायखे आणि मोल्दोव्हाचे दोघे
माझ्याशिवायच, हातवाऱ्यांनी, भांडू लागले.

मी तिला विचारलं, काय दिसलं तुला?
ती म्हणाली,
तो घड रुसेल होता.

एवढंच. मी थांबले.
कानातली चौदा यंत्रं थांबली.
रुसलेला, म्हणजे रागावलेला नव्हे,
आजारी नव्हे, गळका नव्हे,
सगळ्यांबरोबर एकाच मांडवाखाली असून
तोंड फिरवून बसलेला,
आणि कुणीतरी येऊन विचारावं म्हणून बसलेला.
याला एक नाही, तीन नाही.
नऊ तर नाहीच.

मी जे काही बोलले ते
आता मला नीट आठवत नाही.
मार्लीस पेन्सिल चावत राहिली,
थुयने डोकं एका अंगाला कललं
आणि घडाकडे पुन्हा पाहिलं.
न्जेरीने तिच्या भाषेत एक शब्द लिहिला.
मी विचारलं, काय लिहिलंस?
ती हसली. म्हणाली,
याला तुमच्याकडे दुभाषी लागेल.

यमुना परत तिसऱ्या रांगेत गेली होती.
दर घडाखाली कप वर नेत होती,
एक, मग पुढचा, मग पुढचा.